दोन गट, दोन उपासना, आणि दोघंही म्हणतात देव आमच्यात आहे

नगरची_लेक

सलाम सगळ्यांना. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहितेय, लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या समुदायात (गाव आणि मंडळीचं नाव लिहीत नाही, इथे तो विषय नाही) गेली काही वर्षं दोन गट पडलेत. कारण काही शिकवणीचं वगैरे नाही. आधी ट्रस्टच्या हिशोबावरून वाद झाला, मग पंचमंडळीच्या निवडणुकीवरून, मग कोण कोणाच्या घरी मयतीला आलं नाही यावरून, आणि असं करत करत आता एक गट चर्चमध्ये उपासना करतो आणि दुसरा एका हॉलमध्ये. दोन्हीकडे तेच उपासना संगीत, तीच रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं, तीच पेटी-तबल्याची साथ. आणि दोन्हीकडे संदेशात हमखास ऐकायला मिळतं की देव आमच्यामध्ये आहे, कारण दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले आहेत तिथे मी आहे असं प्रभूनेच सांगितलंय.

तर हे वचन आपण कसं वापरतो बघा. प्रार्थनासभेला माणसं कमी आली की धीर द्यायला वापरतो, आणि मंडळी फुटली की आपला गट लहान असला तरी चालतंय हे सांगायला वापरतो. पण बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 18 वा अध्याय एकदा सलग वाचा. आधी शंभरातल्या हरवलेल्या एका मेंढराची गोष्ट आहे, मग लगेच, तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर एकटा जा आणि दोघंच असताना त्याला सांग, ऐकलं तर तुझा भाऊ तुला मिळाला. नाही ऐकलं तर आणखी एकादोघांना घेऊन जा. तरीही नाही तर मंडळीला सांग. त्याच्या पुढे हे दोघे किंवा तिघे येतात. आणि त्याच्या पाठोपाठ पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का? म्हणजे वचनाच्या अलीकडे भांडण आहे आणि पलीकडे क्षमा आहे. भाऊ गमावायचा नाही म्हणून एकमेकांच्या दारात जाणाऱ्या दोघातिघांना प्रभूने शब्द दिलाय की मी तुमच्याबरोबर आहे.

म्हणून मला वाटतं देवाची उपस्थिती ही आमच्या गटाच्या बाजूने दिलेली साक्ष नाही. आम्ही हॉलमध्ये बसून कितीही गायलो आणि रडलो तरी पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या माणसाला सलाम करायचा सोडलाय तो सोडलाच, आणि त्याच माणसाला मिळवायला आम्हाला पाठवलं होतं. तुम्हाला काय वाटतं ते लिहा. तुमच्या मंडळीत असं होऊन परत एक झाले असतील तर तेही लिहा, मला फार गरज आहे त्याची.

जुना_मंडळीकर

ताई, चांगला विषय काढलात. मी सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मधला, लहानपणी 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला सहा मंडळ्या एक झाल्या त्याबद्दल घरात सारखं ऐकलंय कारण वडील पाळक होते. आजच्या मुलांना हे माहीतच नाही म्हणून थोडं लिहितो. अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया (ज्यात प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल आधीच एक झालेले), बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट. बोलणी 1929 पासून चालू होती म्हणजे एक्केचाळीस वर्षं!! दक्षिणेत सीएसआय (चर्च ऑफ साउथ इंडिया) 1947 ला सप्टेंबरमध्येच झालं होतं, आपल्याकडे वेळ लागला.

वेळ कशाला लागला तर खऱ्या प्रश्नांना लागला. बॅप्टिस्ट म्हणायचे विश्वास समजून कबूल करणाऱ्यालाच बाप्तिस्मा, बाकीचे तान्ह्या मुलांना देत होते, शेवटी दोन्ही पद्धती मान्य करून एका मंडळीत ठेवल्या. आणि पाळकांचा प्रश्न, कोणाची दीक्षा खरी? अँग्लिकनांना बिशपच्या हातची दीक्षा महत्त्वाची, काँग्रिगेशनलवाल्यांकडे बिशपच नाही. मग ठरलं की कोणी कोणाला कमी लेखायचं नाही, सगळ्या मंडळ्यांच्या प्रतिनिधी सेवकांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि देवाकडे मागायचं की ज्याच्यात जे उणं आहे ते तू भर. वडील म्हणायचे, चाळीस वर्षांच्या कागदांपेक्षा ते एक काम मोठं होतं. जो बिशप आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवत आला त्याने स्वतःचं डोकं खाली केलं.

आता दुसरी बाजूही लिहितो, खोटं चित्र नको. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट अगदी शेवटच्या काही महिन्यांत मागे फिरले, म्हणून मुंबई पुण्यात आजही मेथडिस्ट चर्च वेगळं आहे. आणि जे आत आले त्यांच्यातही मिळकतींवरून कोर्टकचेऱ्या झाल्या, गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीच्या मिळकतीचा वाद तर सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 2013 ला निकाल सीएनआयच्या विरोधात लागला. सातबाऱ्यावर नावं एकत्र चढली पण काही ठिकाणी चुली वेगळ्याच राहिल्या. म्हणून ताईंचा मुद्दा मला पटतो, ठराव करून एकी येत नाही, पण ठरावाशिवायही येत नाही हेही तितकंच खरं.

जिवंत_पाणी

प्रेझ द लॉर्ड सर्वांना. मी फुल गॉस्पेल या पेंटेकॉस्टल मंडळीतला आहे, आधी आमचं घर जुन्या मंडळीत होतं. राग नका मानू पण स्पष्ट लिहितो. एकी एकी म्हणून सगळे बोलतात पण पवित्र आत्मा नसेल तर एकी कशाची? जुन्या मंडळीत मी पंधरा मिनिटांचं प्रवचन, नोटिसा, अर्पण आणि घरी जा एवढंच बघितलं. इथे आलो तेव्हा पहिल्यांदा देव जवळ आहे हे मला कळलं, रडलो, दारू सुटली, घरात शांती आली. ते मी नाकारू शकत नाही. सत्य सोडून एकी करायची असेल तर ती मला नको. आणि आत्म्याचं काम महाराष्ट्राला नवीन नाही, 1905 साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशन या आश्रमात मुलींवर पवित्र आत्मा आला तेव्हा जगभर बातमी गेली होती.

केडगावची_सून

जिवंत_पाणी भाऊ, तुमची साक्ष वाचून आनंद झाला, दारू सुटली ही लहान गोष्ट नाही. पण मुक्तीचं नाव काढलंत म्हणून लिहिते, माझ्या सासरी तिथल्या आठवणी पिढ्यानपिढ्या सांगतात.

1905 च्या जूनच्या शेवटी ते जागृतीचं काम सुरू झालं ते गाण्यातून किंवा नाचण्यातून नाही, मुली पापं कबूल करायला लागल्या त्यातून. मुली एकमेकींकडे जाऊन क्षमा मागत होत्या, मी तुझं चोरलं, मी तुझ्याबद्दल खोटं सांगितलं, असं. मुक्तीत तेव्हा कोण कोण होतं ते बघा. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली, 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आलेल्या, बालविधवा, ब्राह्मणाच्या घरातल्या आणि ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानायचे त्या घरातल्यासुद्धा. भाषा वेगळ्या, जेवणाच्या सवयी वेगळ्या. इतक्या मुली एका छताखाली म्हणजे रोजची भांडणं असणारच. देव तिथे आला आणि पहिलं काम त्याने हे केलं की मुलींना एकमेकींच्या समोर उभं केलं.

आणि स्वतः रमाबाई. 1883 ला इंग्लंडमध्ये वाँटेजला अँग्लिकन सिस्टरांकडे त्यांचा बाप्तिस्मा झाला पण त्या एका पंथाच्या चौकटीत बसायला तयार झाल्या नाहीत, सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पत्रव्यवहार वाचला तर कळतं की किती प्रेमाने आणि किती ठामपणे त्या भांडल्या. प्रेम सोडलं नाही आणि मतही सोडलं नाही. आपण यातलं एक तरी सोडतो.

तुम्ही जुनी मंडळी सोडली तेव्हा तिथल्या लोकांशी बोलणं राहिलंय का? टोमणा नाही हा, खरंच विचारतेय.

जिवंत_पाणी

वहिनी, नाही राहिलं. आमच्या पास्टरांनी काही मनाई केलेली नाही पण गेलोच नाही. आईला अजून जुन्या मंडळीचा नाताळ आठवतो. विचार करतो.

वसईचा_जॉय

मी कॅथलिक, वसईचा. इथले बहुतेक धागे प्रॉटेस्टंट मंडळींचे असतात म्हणून वाचून गप्प बसतो पण आज लिहितो. आमच्याकडे मंडळी फुटून दुसरी होत नाही, पण म्हणून एकी आपोआप असते असं समजू नका. एकाच धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, शेजारी बसणारी माणसं जमिनीच्या वादात वर्षानुवर्षं बोलत नाहीत. मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या आधी एकमेकांना शांती द्या असं फादर म्हणतात, तेव्हा आपण डाव्या उजव्या बाजूला हात जोडतो, पण ज्याच्याशी बोलत नाही तो तीन बाकं मागे असतो आणि मान वळत नाही.

दुसरं म्हणजे व्हॅटिकन परिषदेने 1964 ला ऐक्यावरचा जो दस्तऐवज काढला त्यात सरळ म्हटलंय की रीतसर बाप्तिस्मा झालेले इतर ख्रिस्ती लोक आमच्याशी जोडलेले आहेत, ते नातं अपूर्ण असेल पण खरं आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने बाप्तिस्मा झालाय अशी खात्री असली की आमच्यात तो परत देत नाहीत. माझी बायको तुमच्या मंडळीतली आहे. लग्नाच्या वेळी तिला परत बाप्तिस्मा घ्यावा लागला नाही याचं तिच्या वडिलांना फार बरं वाटलं होतं. पण ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत ती येत नाही, बाकावर बसून राहते, आणि दर रविवारी मला ते टोचतं. नियम का आहे ते मला माहीत आहे, एक प्रभुभोजन म्हणजे पूर्ण एकी असं आम्ही मानतो आणि नसलेली एकी आहे असं दाखवायचं नाही. समजतं. तरी टोचतं. आणि टोचलंच पाहिजे असं मला वाटतं, ज्या दिवशी टोचायचं थांबेल त्या दिवशी आपण फूट कायमची मान्य केली असं होईल.

18 ते 25 जानेवारी ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा असतो, त्यात शक्य तिथे एकमेकांच्या चर्चमध्ये जात जा एवढं सांगतो.

शेजारी_वाचक

मी ख्रिस्ती नाही, शाळा मिशनची होती म्हणून हे धागे वाचतो. एक शंका. देव तर सगळीकडे आहे असं तुम्हीही मानता ना? मग दोन गट झाले म्हणून तो कमी कसा होईल? दोन्हीकडे असेल की. आमच्याकडेही एका गावात दोन सप्ते होतात.

नगरची_लेक

प्रश्न अगदी बरोबर आहे भाऊ. देव सगळीकडे आहेच, हॉलमध्येही आहे आणि चर्चमध्येही. पण असणं वेगळं आणि तुमच्या जमण्यावर खूश असणं वेगळं. करिंथच्या मंडळीचं उदाहरण देते. तिथे प्रभुभोजनासाठी लोक जमायचे, श्रीमंत लवकर येऊन आपापलं खाऊन पिऊन मोकळे व्हायचे, काही तर दारू पिऊन झिंगायचे, आणि मजुरी करून उशिरा येणारे गरीब उपाशी राहायचे. प्रेषित पौल त्यांना पत्रात लिहितो की तुम्ही जे खाता ते प्रभूचं भोजन नाहीच, तुमचं जमणं चांगल्यासाठी नसून वाईटासाठी होतंय. विचार करा, भाकर होती, द्राक्षारस होता, प्रार्थनाही असेलच, तरी तो म्हणतो हे प्रभूचं भोजन नाही. का तर भाऊ उपाशी आहे. त्याच पत्राच्या सुरुवातीला मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा (म्हणजे पेत्राचा) असे गट पडल्याचंही आलंय, तेव्हा आमचं भांडण काही नवीन नाही.

सोनई_रोड

कोणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांमध्ये गट पडतात तेव्हा वर हिशोब आणि निवडणूक असते आणि खाली बऱ्याचदा जात असते. आपले पणजोबा कोण महारवाड्यातून आले, कोण मांगवाड्यातून, बाप्तिस्मा एकाच पाण्याने झाला पण लग्नाची बोलणी सुरू झाली की लोक आजही हळूच विचारतात की मूळचे कोणाचे. मी स्वतः हे ऐकलंय, माझ्याच बहिणीच्या वेळी, आणि विचारणारे गृहस्थ मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी, होते. प्रार्थना इतकी सुंदर करायचे की डोळ्यात पाणी यायचं.

अंत्युखियात पेत्राने हेच केलं होतं. परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता, याकोबाकडची यहुदी माणसं आली तसा ताटावरून मागे सरला. पौलाने सगळ्यांच्या समोर त्याला सुनावलं. एकांतात नाही, सगळ्यांसमोर, कारण चूक सगळ्यांसमोर झाली होती. कोणी कोणाबरोबर जेवायचं एवढाच प्रश्न होता आणि पौल म्हणाला ते सुवार्तेच्या सत्याप्रमाणे सरळ चालत नाहीत. म्हणजे जेवणाची पंगत हा सुवार्तेचा विषय आहे. यावर बोलल्याशिवाय एकीची प्रार्थना मला पोकळ वाटते, माफ करा.

जुना_मंडळीकर

सोनई_रोड, माफी कशाला मागता. खरं आहे ते. आमच्या पिढीने हा विषय झाकून ठेवला, आपल्यात जात नाही असं बाहेरच्यांना सांगायची सवय लागली होती म्हणून.

हिशोब_हवाच

धागा वाचला. मी अशाच एका "फुटलेल्या" गटातला आहे. सगळे क्षमा क्षमा म्हणताय पण आम्ही मंडळीच्या जागेच्या भाड्याचा हिशोब मागितला होता, दुसरं काही नाही. तो आजवर मिळाला नाही. उलट आम्हालाच फूट पाडणारे ठरवलं. हिशोब मागणं पाप आहे का? एकीच्या नावाखाली गप्प बसवायचं हे आम्ही पुष्कळ पाहिलं.

नगरची_लेक

नाही दादा, पाप अजिबात नाही आणि माझ्या लिहिण्यातून तसं वाटायला नको. मत्तय 18 मध्ये अपराधाच्या त्या भागाचं पहिलं वाक्यच हे आहे की जाऊन त्याचा अपराध त्याला दाखव. गप्प बस असं प्रभू म्हणत नाही.

प्रेषितांची कृत्यं अध्याय 6 बघा. यरुशलेमची मंडळी, पेंटेकॉस्ट होऊन फार काळ झालेला नाही, आत्म्याने भरलेली मंडळी, आणि तिथे तक्रार आली की रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातंय. पैशाअन्नाचीच तक्रार. प्रेषितांनी काय केलं? तुम्ही कुरकुर करता, तुमच्यात आत्मा नाही असं म्हटलं नाही. सगळ्या शिष्यांना बोलावलं आणि सात माणसं निवडा म्हटलं. आणि निवडलेल्यांची नावं बघा, स्तेफन, फिलिप्प, नीकानोर, तीमोन, सगळी ग्रीक नावं. यहुदी लोकही ग्रीक नावं ठेवायचे हे खरं, पण सातच्या सात ग्रीक म्हणजे ज्यांची तक्रार होती बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हातात वाटप दिलं. किती विश्वास टाकला बघा! आणि पुढच्याच ओळीत येतं की देवाचं वचन पसरत गेलं, शिष्यांची संख्या फार वाढली. आमच्याकडे जागृती सभा ठेवतात पण ट्रस्टचं पासबुक दाखवत नाहीत, कृत्यांच्या पुस्तकात या दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत.

एकच विचारते, हिशोब मागायला तुम्ही गेलात तेव्हा आधी एकटं कोणी गेलं होतं का, की पहिलंच पत्र वकिलाचं गेलं?

हिशोब_हवाच

पहिलं पत्र मंडळीच्या ग्रुपवर टाकलं होतं. एकटं कोणी गेलं नाही. खजिनदार माझ्या चुलत्यांच्या वर्गातले आहेत, जाता आलं असतं. पण हिशोब द्यायला पाहिजेच या मतावर मी ठाम आहे.

नगरची_लेक

ठाम राहाच.

देवाचा_दरबार

उशीर झाला यायला. टिळकांची भजनं दोन्हीकडे गातात असं ताईंनी लिहिलंय म्हणून थोडंसं. रेव्हरंड टिळकांनी आयुष्याच्या शेवटी, 1917 ला, मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोन्ही येऊ शकत होते, अट ख्रिस्ताला गुरू मानायची आणि बंधुभावाने राहायची. 1919 ला ते गेले, दरबार फार पुढे गेला नाही. पण त्यांची ओढ काय होती बघा, मिशनरी आणि देशी, पगारी सेवक आणि साधा विश्वासणारा या भिंतींनी त्यांचा जीव घुसमटत होता. ज्यांचे अभंग आपण दर रविवारी गातो त्यांना आपले दोन गट बघून किती वाईट वाटलं असतं. लक्ष्मीबाईंनी तर धर्म बदललेल्या नवऱ्यापासून वर्षानुवर्षं वेगळं राहून, मग परत येऊन, सोवळं एकेक करून सोडलं. आधी दुसऱ्याच्या हातचं पाणी आणि नंतर बाप्तिस्मा, असा क्रम होता त्यांचा.

केडगावची_सून

ताई, एक सुचवते. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो, बायकाच चालवतात. दरवर्षी एका देशातल्या बायका उपासनाक्रम तयार करतात आणि तोच जगभर वापरतात, कॅथलिक, सीएनआय, मेथडिस्ट, साल्व्हेशन आर्मी सगळ्या येतात. पंचमंडळीचा ठराव लागत नाही, ट्रस्टचा प्रश्न नाही, कोण अध्यक्ष हाही प्रश्न नाही. आमच्याकडे दोन घरांत अबोला होता, दोघींना मुद्दाम एकाच वाचनाच्या दोन भागांवर ठेवलं. सरावाला भेटावं लागलं. पहिल्या दिवशी फक्त कागदाबद्दल बोलल्या, नंतर एकीच्या मुलाच्या ॲडमिशनबद्दल. भांडण मिटलं असं नाही म्हणणार, पण आता मयतीला आणि बारशाला जातात.

जागा मात्र चर्च पण नको आणि हॉल पण नको. तिसरीकडे ठेवा, कोणाच्या घरी किंवा सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमध्ये विचारा.

वसईचा_जॉय

कॉन्व्हेंटची कल्पना चांगली आहे, सिस्टर आनंदाने देतील. प्रार्थनेनंतर चहा-नाश्ता नक्की ठेवा आणि तो दोन्हीकडच्या बायकांनी मिळून करा, बाहेरून मागवू नका.

सोनई_रोड

आणि वाढायला कोण बसतं कोण उभं राहतं तेही बघा. दरवेळी ठरावीक घरच्याच बायका भांडी घासणार असं नको.

नगरची_लेक

सोनई_रोड दादा, लिहून ठेवलं. हे मी विसरले असते.

असं करते मग. दोन्हीकडच्या महिला मंडळाच्या अध्यक्षांना एकेकटीला जाऊन भेटते, ग्रुपवर काही टाकत नाही. हॉलकडच्या आमच्याच आहेत, चर्चकडच्या बाईंशी माझं बोलणं बंद आहे म्हणून तिथे आधी जाणार. ट्रस्टच्या हिशोबाचं पत्र वेगळं चालू राहील, त्याची आणि याची सरमिसळ करायची नाही हे आमच्या गटातल्या पुरुषांना सांगितलंय, काहींना पटलं नाही. केडगावच्या वहिनी, यंदाचा मराठी उपासनाक्रम तुमच्याकडे आला की त्याचे फोटो मला मेसेजमध्ये पाठवाल का? सरावाला तीन आठवडे तरी हवेत.

केडगावची_सून

पाठवते. गाण्यांच्या चाली पण रेकॉर्ड करून देईन.